टाकीत हिरवळ लावायची तर दिवाळीनंतरच

माशांच्या टाकीत तळाला पाण्याखालच्या बुटक्या झाडांचा गालिचा करतात, ती ही हिरवळ. माझी पहिली हिरवळ मी एप्रिलमध्ये लावली. मुलीची परीक्षा संपली होती, तिला सुट्टी होती, म्हटलं चला, हीच वेळ. तीन आठवड्यांत खेळ खलास. बाहेर ४२ अंश, पत्र्याखालच्या आमच्या पुढच्या खोलीत टाकीचं पाणी ३४ वर, आणि कुरिअरने मागवलेली ती इवलीशी झाडं शिजलेल्या मेथीसारखी होऊन फिल्टरच्या तोंडाशी गोळा झाली. शेजारच्या तेलुगू मावशी रोज दारातून डोकावून विचारायच्या, "काय ओ, गड्डी आली का तुमची?" तेलुगूत गड्डी म्हणजे गवत. गवत काही आलं नाही, पण आमच्या टाकीचं नाव तेव्हापासून गड्डी पडलं ते पडलंच.

त्याच मे महिन्यात मंगळवेढ्याला मामांकडे गेलो. मामांचं काळं रान, त्यात मालदांडी ज्वारी. पाऊस सरता सरता पेरायची आणि जमिनीतल्या ओलीवर काढायची. मी माझं रडगाणं गायलं. मासे-बिसे मामांना काही कळत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "ओल मोडायच्या आत मूळ खाली गेलं पाहिजे बघ. मग वरनं कितीबी ऊन पडू दे."

ते मी टाकीला लावलं आणि जमलं. व्हिडिओ बघाल तर लाइट किती, गॅस (म्हणजे झाडांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड) किती, खत किती, हेच सांगतात. खोटं नाही ते. पण सोलापुरात पहिला प्रश्न महिना कोणता हा आहे. दिवाळी झाली की लावा, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत मुळं धरू द्या, फेब्रुवारीअखेर तळ झाकला गेला पाहिजे. मार्च ते जून गवत फक्त टिकवायचं, वाढवायच्या मागे लागायचं नाही.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. लूम अडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यात शास्त्र कमी आणि कुठे काय अडतं तेच जास्त आहे.

कोणतं गवत घ्यावं

नव्या माणसाने हेअरग्रास घ्यावं. हे खरं म्हणजे गवत नव्हेच, लव्हाळ्याच्या कुळातलं झाड आहे, शेतातल्या नागरमोथ्याची भावकी. नागरमोथा शेतकऱ्याला का रडवतो? तो जमिनीखालून धावरे, म्हणजे आडवी खोडं, सोडत पसरतो म्हणून. हेअरग्रासचा तोच गुण आपल्या कामाचा. आपल्याकडच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात तगतं आणि गॅस नसला तरी सावकाश का होईना पसरतं. त्यात ‘मिनी’ म्हणून बुटकी जात मिळते. मिळाली तर तीच घ्या, कात्री कमी चालवावी लागते.

मॉन्टे कार्लो दुसऱ्या नंबरवर. नाव ऐकून जुगाराचं शहर आठवतं, पण झाड अर्जेंटिनातलं आहे. छोटी गोल पानं, जमिनीला धरून पळतं. गॅस असेल तर सुंदर भरतं.

क्यूबा, ज्याला दुकानदार ‘एचसी’ म्हणतात, त्याची पानं मोहरीएवढी. माझ्या मुलीने जपानच्या ताकाशी अमानोंच्या टाक्यांचे फोटो बघून हट्ट धरला होता तो याच झाडाचा. अमानो (१९५४–२०१५) फोटोग्राफरही होते. पाण्याखालच्या या हिरवळी जगभर लोकांच्या डोळ्यांत भरल्या त्या त्यांच्यामुळे. पण त्या टाक्यांमागे भरपूर लाइट, भरपूर गॅस आणि थंड पाणी असतं. एप्रिलमध्ये माझं जे शिजलं ते क्यूबाच होतं. पत्र्याच्या घरात त्याच्या नादी लागू नका.

गॅसच्या भानगडीत अजिबात पडायचं नसेल तर मार्सिलिया किंवा बुटकी सॅजिटेरिया. मार्सिलिया नेचाच्या जातीची, चार पानांच्या क्लोव्हरसारखी दिसते, वाढायला मुंगीच्या पावलाने. पण एकदा धरली की मरत नाही. सॅजिटेरिया भराभर पसरते, मात्र बोटभरापेक्षा उंच जाते, म्हणून दोन फुटी टाकीत गालिचा कमी आणि उसाचा फड जास्त वाटतो.

आणि ते बियांचं पाकीट. "फक्त आठ दिवसांत हिरवळ" असं लिहिलेलं असतं. मीही घेतलं होतं, खोटं का बोला. बिया ओल्या केल्या की सब्जासारख्या बुळबुळीत होतात, चौथ्या दिवशी हिरवे कोंब दिसतात, घरभर आनंद. महिन्याभरात ती रोपं उंच व्हायला लागतात, खालची पानं सडतात आणि पाण्याला वास मारतो. पाकिटावरच्या फोटोतलं हेअरग्रास किंवा मॉन्टे कार्लो त्या बियांतून येत नाही. हिरवळीची ही झाडं दुकानात तयार रोपांवरूनच येतात. पाकीट दिसलं की पुढे चला.

घ्यायचं तर टिश्यू कल्चरचा कप घ्या. प्रयोगशाळेत जेलमध्ये वाढवलेलं असल्याने गोगलगायीची अंडी नाहीत, शेवाळ नाही. माझ्या दोन फुटी टाकीला हेअरग्रासचे तीन कप पुरले. सोलापुरात दुकानात नसेल तर पुण्याहून मागवावं लागतं, आणि इथेही महिना आड येतोच. डिसेंबरात डबा दोन दिवस गाडीत पडला तरी चालतो. मेमध्ये उघडलात तर आत भाजी निघते.

टाकी, वाळू आणि माती

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. उंच टाकी शोभेला बरी, पण लाइट तळापर्यंत पोचताना मार खातो आणि हिरवळ तळालाच असते. या मापात वाळू-माती धरून प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी बसतं. पुढचे सगळे हिशेब याच मापाचे आहेत. स्टँड मजबूत बघा. सगळं मिळून साठ-सत्तर किलो वजन होतं, आणि आमच्याकडे ते आधी शिलाई मशीनच्या टेबलावर होतं. टेबल कुरकुरलं तेव्हा शहाणपण आलं.

तळाला अ‍ॅक्वासॉइल म्हणून भाजलेल्या मातीचे दाणे मिळतात. ते सगळ्यात सोपं, कारण त्यात खत असतं आणि ते पाण्याचा जडपणा थोडा शोषून घेतात. महाग आहे. मी मधला मार्ग काढला: खाली दोन सेंटिमीटर अ‍ॅक्वासॉइल, वर तीन सेंटिमीटर वाळू. पुढच्या काचेकडे पाच सेंटिमीटर, मागे आठ, असा उतार. लोक सपाट पसरतात, पण मागे उतार दिला की छोटी टाकीही खोल दिसते.

वाळूचा दाणा साखरेच्या दाण्याहून थोडा मोठा, एक ते दोन मिलिमीटर. फार बारीक असेल तर तळ गच्च होतो आणि मुळांना हवा मिळत नाही. फार जाड खडीत हेअरग्रासच्या काड्या उभ्याच राहत नाहीत. बांधकामाची वाळू आणली तर चाळणीने चाळा, धुवा, धुवून पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा धुवा. मग चिमूटभर वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे. आपल्या भागात चुनखडीचे खडे वाळूत हमखास निघतात. असली वाळू पाणी आणखी जड करत राहते. फसफसली ती सरळ बाहेर.

काळी माती घालू का, हे मला तिघांनी विचारलं. मीही घातली होती, मामांच्या रानातली, मोठ्या प्रेमाने. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते, हे आपण लहानपणापासून बघतो. टाकीत ती फुगली, वाळूच्या भेगांतून वर आली आणि पाणी चहासारखं झालं. एक रोप उपटलं की अर्धा दिवस मासे दिसायचे नाहीत. ज्वारीला सोनं, टाकीला ताप.

पाणी

आमच्या भागात नळ रोज येत नाही. उजनीचं पाणी पाइपलाइनने येतं, चार-पाच दिवसांनी एकदा. सोलापूरकराला हे सांगायला नको. त्यामुळे "रोज निम्मं पाणी बदला" हा सल्ला आपल्या कामाचा नाही. मी पाण्याचा वार हाच टाकीचा वार ठरवला. पाणी आलं की एक बादली, म्हणजे १५ लिटर, वेगळ्या ड्रममध्ये. त्यात क्लोरीन मारणारं औषध टाकतो. मासेवाल्यांकडे ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून बाटली मिळते, ते सोडियम थायोसल्फेट असतं, जुने फोटोवाले त्याला हायपो म्हणायचे. दुसऱ्या दिवशी टाकीतलं १५ लिटर काढून हे घालायचं. काढलेलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला. माशांच्या घाणीचं पाणी आहे, झाडांना आवडतं.

बोअरचं पाणी वापरू नका. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या टीडीएस मीटरवर आमच्या वाड्यातलं बोअर नळाच्या तिप्पट आकडा दाखवतं. घरी आरओ असेल तर अर्धं नळाचं, अर्धं आरओचं. निव्वळ आरओ नको, त्यात झाडांना लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियमही उरत नाही. आरओच्या दुसऱ्या नळीतून सांडणारं पाणी तर मुळीच नको, सगळा जडपणा त्यातच गोळा झालेला असतो.

लावणी: पाणी न भरता

इथे घाई करू नका.

टाकीत पाणी भरून मग झाडं लावायची ही सरधोपट पद्धत. मी पाणी न भरताच लावतो. इंग्रजीत याला ड्राय स्टार्ट म्हणतात. झाडं ओल्या वाळूत लावायची, टाकीचं तोंड प्लॅस्टिकने बंद करायचं आणि महिना-दीड महिना तशीच वाढवायची. हवेतला कार्बन डायऑक्साइड झाडाला सहज मिळतो, त्यामुळे गॅसची गरज नाही. पाणी नाही, त्यामुळे पाण्यातलं शेवाळ नाही. फिल्टरही बंद. आणि आपल्याकडे सगळ्यात मोठी गोष्ट, पहिल्या महिन्यात पाणी बदलायची कटकट नाही. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावासाठीच कुणी ही पद्धत काढली की काय असं वाटतं.

कप उघडा, झाडाचा गोळा पाण्यात धरून जेल बोटांनी धुऊन काढा. थोडंही जेल राहिलं तर बुरशी धरते. मग कात्रीने गोळ्याचे तुकडे करा. हेअरग्रासची जुडी पाच-सहा काड्यांची, त्याहून मोठी नको. लोक इथेच चुकतात. कंजूषपणा नको म्हणून मोठमोठे गठ्ठे रोवतात. मग गठ्ठ्याच्या आतल्या काड्या सडतात आणि दोन गठ्ठ्यांमधली जागा सहा महिने उघडीच राहते. एका कपातून तीस-चाळीस जुड्या निघाल्या पाहिजेत. मॉन्टे कार्लोचे तुकडे नखाएवढे.

लांब काड्या असतील तर लावण्याआधीच दोन बोटं ठेवून छाटा. जुन्या काड्या तशाही मरणारच असतात, नवीन फूट महत्त्वाची.

लांब चिमटा घ्या. जुडी मुळाशी धरायची, वाळूत तिरकी खुपसायची, चिमटा ढिला करून हळूच थोडा हलवत मागे घ्यायचा. सरळ वर ओढला की जुडी चिमट्याबरोबर बाहेर. पहिल्या वीस जुड्यांना वैताग येतो, नंतर हाताला कळतं. अंतर चार सेंटिमीटरच्या आसपास. तिफणीने पेरल्यासारख्या ओळी केल्या तर महिनाभर ओळी दिसत राहतात. पुढच्या ओळीतली जुडी आधीच्या ओळीतल्या दोन जुड्यांच्या मधोमध घेतली, तर लवकर भरतं. माझ्या टाकीला पूर्ण अडीच तास लागले. मुलगी जुड्या करून देत होती, मी लावत होतो, आणि मध्ये एकदा आमच्या घरातल्या मालकीणबाईंनी "चादर विणताय का काय" असं विचारून चहा दिला.

पाण्याची पातळी वाळूच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली. वाळू ओलीचिंब, पण वर डबकं नाही. पुढच्या सखल बाजूला पाणी साचलं तर कापसाच्या चिंधीने टिपून घ्या. मग तोंडावर स्वयंपाकघरात मिळतो तो पातळ प्लॅस्टिकचा पडदा घट्ट ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी. सोलापूरची हिवाळ्यातली हवा कोरडी असते. एक कोपरा उघडा राहिला तर दोन दिवसांत काड्यांची टोकं वाळतात. काच आतून कायम घामेजलेली दिसली पाहिजे.

लाइट दहा-बारा तास. दिवसातून एकदा पाच-दहा मिनिटं पडदा उघडून हवा द्या आणि स्प्रेच्या बाटलीने फवारा. पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग उचलून टाका आणि हवा जरा जास्त वेळ द्या. बस. दोन आठवडे काहीच होत नाही, आणि हे दोन आठवडे फार जड जातात. तिसऱ्या आठवड्यात दोन जुड्यांच्या मध्ये सुईसारखा एक हिरवा कोंब वर येतो. तो धावऱ्यावरचा. तो दिसला की जिंकलात.

दिवाळीनंतर आठवड्याने लावलं तर डिसेंबर संपता संपता पाणी भरता येतं. भरण्याआधी एक परीक्षा: दोन-तीन जुड्या चिमट्याने अलगद ओढून बघा. वाळूसकट अडून राहिल्या तर भरा, सहज आल्या तर अजून दहा दिवस थांबा.

भरताना गवतावर एक ताटली ठेवा, त्यावर पातळ नळीने पाणी सोडा. धार थेट पडली तर दीड महिन्याची मेहनत दहा सेकंदांत तरंगते.

लाइट, गॅस, खत

पाणी भरलं की नियम बदलतात. लाइट लगेच सहा तासांवर आणा. महिन्याने सात, फार तर आठ. पांढरा एलईडी, ६५०० केल्विनच्या आसपासचा, २० वॅट या टाकीला पुरतो. ब्रँडेड लाइट परवडत नव्हता, म्हणून मी विजेच्या दुकानातला पाणी न शिरणारा फ्लडलाइट टांगला आहे. दिसायला वरातीतल्यासारखा दिसतो, गवताला काही फरक पडत नाही. टायमर मात्र घ्याच. हाताने चालू-बंद करणारा माणूस एक दिवस विसरतो, आणि बारा तास लाइट राहिला की शेवाळाची लॉटरी लागते. खिडकीतलं थेट ऊन नको, पडदा लावा.

हवेतून पाण्यात गेल्यावर झाड जुनी पानं टाकतं, नवी पाण्यातली पानं काढतं. पहिले दोन-तीन आठवडे थोडं पिवळं पडेल. घाबरून खत ओतू नका. या काळात गॅस दिला तर झाड लवकर सावरतं.

स्वस्तातला गॅस म्हणजे साखर आणि यीस्ट. दोन लिटरच्या बाटलीत एक लिटर कोमट पाणी, २०० ग्रॅम साखर, पाव चमचा यीस्ट, झाकणातून नळी टाकीत. हिवाळ्यात दोन आठवडे चालतं. उन्हाळ्यात यीस्ट इतकं माजतं की आठवड्यात सगळी साखर संपते. नळीत उलट पाणी न येणारा व्हॉल्व्ह हवाच, आणि नळी कुठे दुमडलेली नको. आमच्याकडे एका मार्चमध्ये नळी स्टँडच्या पायाखाली दबली आणि रात्री दीड वाजता बाटलीचं झाकण छताला लागलं. घरभर शिंदीचा वास. आमच्या घरी कोणी घेत नाही, त्यामुळे खुलासा करायला सकाळ गेली.

नंतर मी सिलिंडर घेतला, रेग्युलेटर आणि सुईच्या व्हॉल्व्हसकट. आग विझवायचे सिलिंडर भरणारे लोक भरून देतात. रेग्युलेटरशिवाय वापरायचा विचारसुद्धा करू नका, सिलिंडर कायम उभा आणि उन्हापासून लांब. गॅस लाइटच्या एक तास आधी चालू, लाइट बंद होताना बंद, कारण रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात. प्रमाण कळायला ड्रॉप चेकर नावाची काचेची छोटी कुपी टाकीत लावतात. आतलं पाणी निळं म्हणजे गॅस कमी, पोपटी हिरवं म्हणजे बरोबर, पिवळं म्हणजे जास्त. मासे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले तर कुपीकडे बघत बसू नका, आधी गॅस बंद करा, हवेचा पंप लावा.

खताची गंमत सांगतो. मासेवाल्यांच्या दुकानात वनस्पतींच्या खताची छोटी बाटली जितक्याला मिळते, तितक्यात कृषी सेवा केंद्रात वर्षभराचं खत येतं. आपला जिल्हा डाळिंब-द्राक्षांचा, त्यामुळे ठिबकमधून द्यायची पाण्यात विरघळणारी खतं कुठेही मिळतात. ‘१३-०-४५’ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ‘०-५२-३४’ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. अर्धा लिटर आरओच्या पाण्यात पहिलं १५ ग्रॅम आणि दुसरं दोन ग्रॅम विरघळवून ठेवा. ४५ लिटरच्या टाकीला आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिलिलिटर. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, चिलेटेड लिहिलेलं, वेगळ्या बाटलीत आणि वेगळ्या दिवशी. फॉस्फेट आणि लोह एकत्र आले की साका धरतात, दोन्ही वाया. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबं असतं, कोळंबी पाळणाऱ्यांनी हात आखडता ठेवा. गॅस नसेल तर हे सगळं निम्मं. युरिया मात्र कधीच नाही. त्याचा अमोनिया होतो आणि मासे जातात.

नवी पानं फिकट आली तर लोह कमी. जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन. डाळिंबवाल्याला हे सांगावं लागत नाही.

शेवाळ आणि मासे

काचेवर तपकिरी पूड धरते ती पहिल्या महिन्यात येते आणि जाते, पुसत राहा. केसांसारखं हिरवं शेवाळ गवतात गुंतलं तर जुना टूथब्रश घाला, काट्यावर शेवया गुंडाळतात तसा फिरवा आणि गुंडाळून बाहेर काढा. मग लाइट एक तासाने कमी. निळसर हिरवा, चिकट, वास मारणारा थर आला तर हाताने काढता येईल तेवढा काढून टाकीवर तीन दिवस जाड चादर टाका. लाइट पूर्ण बंद. चादरी सोलापुरात कमी नाहीत.

मासे पाणी भरल्यावर तीन आठवड्यांनी, तेही आधी चारच. मॉली आणि गप्पी घ्या. दोघांना जड पाणी मानवतं, आणि मॉली दिवसभर शेवाळ टोचत बसते. गोल्डफिश नको, तो गवत उपटून त्याचं सॅलड करतो. ‘क्लिनर मासा’ म्हणून जो काळा सकर देतात तो लहानपणी गरीब असतो. वीतभर झाला की शेपटीने शेत नांगरतो.

कात्री

धागे तोडायची जी छोटी कात्री असते तीच मी टाकीत वापरतो, टाकीपुरती वेगळी ठेवलेली. टॉवेलच्या कामात वेलोर म्हणून प्रकार असतो. उभे फेरे वरून कापून मखमल करतात. हेअरग्रासचं तसंच. पहिली छाटणी लोक जिवावर आल्यासारखी लांबवतात. काड्या सात-आठ सेंटिमीटर झाल्या की निर्दयपणे दोन-तीन सेंटिमीटरवर आणा. कापलं की झाड वर जायचं सोडून आडवे धावरे सोडतं. न कापलेला थर दाट होतो, खालच्या भागाला उजेड मिळत नाही, मुळाशी सडतो आणि एक दिवस गालिचा कडेपासून सुटून तरंगायला लागतो. मॉन्टे कार्लोला हे फार होतं. त्याची जाडी अंगठ्याएवढी होऊ देऊ नका.

छाटणी पाण्याच्या वाराला धरून करा. आधी फिल्टर बंद, मग कात्री, मग वर तरंगणारं गवत जाळीने गोळा, मग पाणी बदल. हा क्रम चुकला तर फिल्टर उघडून साफ करत बसावं लागतं.

मार्च ते जून

होळी झाली की मी खत निम्म्यावर आणतो, लाइट पाच तासांवर. झाड हळू वाढलं तर त्याची भूकही कमी. लाइटची वेळ पहाटे पाच ते दहा. दुपारी पत्रा तापलेला असताना वरून लाइटची उष्णता नको. गॅसही कमी करा. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, मासे आधीच धापा टाकत असतात.

टाकीचं झाकण काढा आणि कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा काठावर असा लावा की वारा पाण्यावर तिरका जाईल. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, माठाचं तंत्र. मुंबईच्या दमट हवेत याचा फारसा उपयोग होत नाही, सोलापूरच्या कोरड्या हवेत माझं पाणी तीन अंशांनी उतरतं. ३४ चं ३१. हेअरग्रासला हेही जास्तच आहे, पण मुळं खोल असतील तर ते थांबून राहतं, मरत नाही. पंख्यामुळे रोज लिटरभर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून ही भर आरओच्या पाण्यानेच घाला. नळाचं घालत राहिलात तर टाकीचं पाणी आणखी जड होतं. बर्फाची बाटली टाकीत सोडणं हा उपाय मी सोडून दिला. पाणी तासात चार अंश खाली, तीन तासांत पुन्हा वर, मासे त्यानेच आजारी पडले.

वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप. कोंडलेल्या खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी दोन तासही फार असतात.

आणि विमा म्हणून एक काम फेब्रुवारीतच उरका. छाटणीच्या वेळी मुळांसकट तळहाताएवढा तुकडा कापून झाकणाच्या पारदर्शक डब्यात ओल्या अ‍ॅक्वासॉइलवर लावा. डबा घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, उजेड येईल पण ऊन येणार नाही असा. आमच्याकडे तो मोरीशेजारच्या खिडकीत असतो. गेल्या मेमध्ये टाकीतला उजवा कोपरा विरळ झाला, तो जुलैत याच डब्यातून भरून काढला. उरलेला तुकडा मावशी घेऊन गेल्या, त्यांच्याकडे तो श्रीखंडाच्या डब्यात आहे. पाणी किती घालायचं ते विचारायला दर दोन दिवसांनी येतात. घालायचं नाही, झाकण लावून ठेवायचं, एवढंच सांगतो.